पास्कलने वाचलेली नावं

सेलिनमावशी मढच्या बाजूच्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यातून मासे विकायला येते. तरीने खाडी ओलांडून वेसावा, तिथून बस, आणि मग पाटी डोक्यावर घेऊन सांताक्रूझपासून आमच्या वाकोल्यापर्यंत पायी. वय सत्तरीचं असेल, पण जिभेची धार कोयत्याला लाजवेल अशी. आमच्या दारात आली की आधी माझ्या बायकोशी भांडते, मग मासे दाखवते. सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी ती आली, पाटी उतरवली, पण वरचं फडकं काढलं नाही. उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागितलं. मी दाढी करत होतो. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तुझा पास्कल गेला. पहाटे छातीत कळ आली म्हणाला, आणि गेला." अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो... आदल्याच दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी त्याने मला "उद्या लवकर ये रे, माल पाठवायचाय" असं बजावलं होतं. तो उद्या हाच होता.

पास्कल काही मोठा माणूस नव्हता. अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघं कारकून. माल पाठवण्याच्या खात्यात आमची टेबलं वीस वर्षं समोरासमोर होती. त्याच्या गावाने त्याला एकदा डोक्यावर घेतलं आणि नंतर टाकून दिलं, एवढाच त्याचा इतिहास. पण त्या इतिहासात माझा हात आहे आणि तो असेपर्यंत ते मी कुणाला सांगितलं नाही. रविवारच्या पुरवणीत लोक मेलेल्यांचे गोडवे गातात. मला गोडवे गायचे नाहीत.

साठ सालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत पास्कलच्या, म्हणजे सेलिनमावशीच्याच, गावाला युरोपातून मदत आली. तिकडच्या एका देशातल्या चर्चच्या लोकांनी सात होड्यांना इंजिनं पाठवली आणि मागोमाग बर्फाचा एक कारखाना उभारून दिला. कारखाना म्हणजे एक खोली, आत यंत्र, बाहेर पत्र्याचा मांडव. पण तोवर माशांसाठी बर्फ आणायला मालाडपर्यंत धावणाऱ्या गावाला तो राजवाडाच वाटला. गावाच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी पास्कल होता, कारण इंग्रजीत पत्र लिहिता येणारा तो एकटाच. खरं तर ती पत्रं आम्ही दोघं मिळून लिहायचो, कारखान्यात, दुपारी, साहेब जेवायला गेला की. आभाराच्या पत्रात किती वेळा 'कृतज्ञ' लिहायचं यावरून आमचा वाद व्हायचा. तो एकदाच लिहू म्हणायचा. मी म्हणायचो, तीनदा लिही, देणाऱ्याला बरं वाटतं.

त्याच्या गावाला लागूनच, मध्ये एक ओहोळ टाकून, हिंदू कोळ्यांचं गाव आहे. गाव मोठं, होड्या जास्त, पण बर्फ नाही. वाडवडलांच्या काळात एकमेकांच्या जाळ्यांचे समुद्रातले खुंट उपटण्यावरून दोन्ही गावांत डोकी फुटली होती, ती अदावत अजून पुरती विझलेली नव्हती. वैशाखात पलीकडच्या किनाऱ्यावर मासे सडायचे. त्यांचा वास वाऱ्याबरोबर पास्कलच्या ओटीवर यायचा, आणि इकडे जास्तीचा बर्फ वितळून नाल्याला लागायचा. पास्कलला हे बघवत नसे. तो स्वतः मासेमारी करत नव्हता, त्यामुळे त्याला बघवत नसे, असं सेलिनमावशीचं म्हणणं. जो समुद्रात जातो त्याला माहीत असतं की बर्फ कधीच जास्तीचा नसतो.

मग एक दिवस तिकडचा पाहुणा आला, इंजिनं आणि बर्फ कसे चाललेत ते बघायला. उंच, चष्मेवाला, उन्हाने लालबुंद. दुभाष्या म्हणून पास्कलने मला नेलं होतं, कारण स्वतः बोलायला त्याची जीभ अडखळायची. गावाने मटण केलं होतं, फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळले होते. पाहुण्याने खांद्यावरच्या बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायलं आणि पोट बरं नाही म्हणून हात जोडले. कुणी वाईट वाटून घेतलं नाही, निदान तोंडावर तरी नाही. मग ओटीवर बसून तो बोलत राहिला आणि मी मराठीत सांगत राहिलो. युद्धात त्याच्या गावाची राख झाली होती. दुसऱ्या देशाने धान्य दिलं, यंत्रं दिली, आणि सांगितलं की आता शेजाऱ्यांबरोबर एका टेबलाशी बसा. म्हणजे ज्यांनी घरं जाळली, त्यांच्याबरोबर. आता तिकडे सहा देशांनी आपला बाजार एक केलाय, म्हणाला. घेतलेल्या मदतीचं ते देणं आहे असं आम्ही मानलं, असंही त्याने सांगितलं. पास्कल पुढे सरकला. त्याने मला विचारायला सांगितलं, "मनापासून बसलात का, ते विचार." मी विचारलं. पाहुण्याने चष्मा काढून पुसला. त्याची आई कधीच बसली नाही, म्हणाला. बाकीचे बसले, मनाचं त्याला माहीत नाही.

जाताना त्याने एवढंच म्हटलं की दोन्ही गावांची एकच सोसायटी झाली तर आमच्या लोकांना आनंद होईल. अट घातली नाही. अट घातली असती तर बरं झालं असतं, पाळायची किंवा धुडकावायची. इच्छेचं काय करायचं हे गावाला कळेना.

त्यानंतर वर्षभर आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. पास्कल वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावरच्या युरोपच्या बातम्या शोधून वाचायचा. तिकडच्या बाजारात कोण यायला तयार, कोण आडमुठं, याची त्याला तोंडपाठ माहिती. माझं मत सरळ होतं आणि मी ते छाती पुढे काढून मांडायचो. ज्यांनी घेतलं त्यांनी एक व्हायलाच हवं. देश असो की गाव, मदत घेताना हात पुढे आणि शेजाऱ्याला देताना हात मागे, ही नाटकं नकोत. पास्कलला एकी हवीच होती, माझ्यापेक्षा जास्त हवी होती, पण माझं कारण त्याच्या गळी उतरत नसे. "घेताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं रे वसंता," तो म्हणायचा. "आता कसं सांगायचं की घेतलं म्हणून हे करा? पलीकडे मासे सडतात म्हणून करा, असं सांगितलं पाहिजे." मी म्हणायचो, ते सांगून बघ. त्याने सोसायटीच्या सभेत सांगून बघितलं, दोनदा. लोक ऐकून घ्यायचे आणि आपापल्या जाळ्याकडे वळायचे. पलीकडचे संख्येने जास्त, उद्या मतं घेतली तर आमच्याच बर्फाला आम्ही पाहुणे, ही भीती. ती खोटी होती असं मी आज म्हणणार नाही.

तिसऱ्या सभेआधी मी त्याला युक्ती सांगितली. पास्कलच्या गावात लग्नात आहेर मोठ्याने वाचायची रीत आहे. कुणी काय दिलं ते नाव घेऊन मांडवात पुकारायचं, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढ्याच मानाने परत करायचं. ज्याचं नाव पुकारलं जातं तो मान ताठ करून बसतो. मी म्हटलं, तू उलटं कर. ज्यांना इंजिन मिळालं, ज्यांचा बर्फावर माल राहतो, त्यांची नावं एकेक करून वाच. हा युरोपचा आहेर, तो कुणाकुणाकडे आला ते सगळ्यांसमोर वाच, आणि प्रत्येक नावानंतर थांबून विचार, एकीला हात वर करणार का? कोण उठून नाही म्हणेल? पास्कल बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत बसला. "माणसाला त्याच्याच मांडवात उघडं पाडायचं?" असं त्याने विचारलं. मी हसलो. म्हटलं, दोन मिनिटांची लाज, आयुष्यभराची एकी.

सभेला मीही गेलो होतो. चर्चच्या शाळेच्या वर्गात, अगदी मागच्या बाकावर बसलो होतो. पास्कल उभा राहिला आणि नावं वाचू लागला. पहिल्या नावाला वर्गात हसू उमटलं, लोकांना चेष्टा वाटली. दुसऱ्याला कुणी हसलं नाही. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत हात वर जात होते, पण माना खाली गेल्या होत्या. सेलिनमावशी तेवढी उठली. तिच्या मुलाच्या होडीला इंजिन मिळालं होतं, त्याचं नाव पुढे यायचं होतं. ती म्हणाली, "आहेर करणारा मांडवात बसून जेवतो, पास्कल. तुझा तो गोरा आमचं पाणी पण नाय प्यायला. आणि त्याचं फेडायचं तर त्याच्या दारात फेडू, शेजारच्या दारात काय म्हणून?" पास्कलने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चालू ठेव अशी. त्याने तिच्या मुलाचं नाव वाचलं. मुलाने आईकडे न बघता हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि टाळी मी एकट्यानेच वाजवली.

पुढे काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. दोन गावांची एक सोसायटी झाली, पाटी रंगवली, पलीकडच्या हिराजीने, म्हणजे त्यांच्या पुढाऱ्याने, नारळ फोडला आणि इकडच्या फादरने पाणी शिंपडलं. पास्कल त्या महिन्यात जमिनीवर चालत नव्हता. पण यंत्राकडे बघणारे हात इकडच्या गावाचे. पूर्वी कुणीही जाता-येता यंत्राला तेल घालायचा, गळती दिसली की हाक मारायचा. आता ज्याला विचारावं तो म्हणायचा, हात वर करायला सांगितला होता, केला. मुद्दाम कुणी काही बिघडवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. फक्त कुणी काही केलं नाही. ऐन वैशाखात, दोन्ही गावांचा माल आत असताना, यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला मिळेपर्यंत तीन दिवस गेले. इकडच्यांनी पहिल्याच दिवशी आपला माल काढून मालाडला नेला, आणि पलीकडच्यांना सांगायचं राहून गेलं... राहून गेलं, असंच सगळे म्हणाले. हिराजीच्या लोकांचे मासे आत सडले. खड्डे खणून पुरावे लागले.

हिराजी पास्कलच्या ओटीवर आला तेव्हा मी तिथे होतो. तो ओरडेल या भीतीने पास्कलच्या बायकोने, मोनिकावहिनीने, दार लोटून घेतलं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "पास्कलभाऊ, तुमच्या लोकांना नको होतं, तर मला एकदा कानात सांगायचंत. मी आलोच नसतो." पास्कल हात जोडून उभा राहिला. सोसायटी मोडली. बर्फाच्या खोलीला कुलूप लागलं, आणि ज्यांचा बर्फ होता त्यांनाही तो राहिला नाही. इकडच्या गावाने त्याचा दोष पास्कलला दिला. आम्हाला नावं वाचून लाजवलं नसतं तर आमचा बर्फ आमच्याकडे असता, असं लोक उघड म्हणू लागले. मोनिकावहिनीला विहिरीवर सांगू लागले. नावं वाचण्याची अक्कल कुणाची, हे कुणी विचारलं नाही. पास्कलने सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलीचं, फिलोमिनाचं, लग्न निघालं. पास्कल घरोघर जाऊन बोलावून आला. त्याला धाकधूक होती की कुणी येणार नाही. पण गाव आलं, सगळं आलं. आणि ते जे झालं तसं मी कुठल्या लग्नात पाहिलं नाही, पाहायची इच्छाही नाही. माणसं एकामागून एक मांडवात येत, आहेर ठेवत, आणि पास्कलपुढे उभी राहून म्हणत, "वाच माझं नाव." पास्कल नाव वाचायचा. ते ऐकून माणूस वळायचा आणि मांडवाबाहेर निघून जायचा. जेवायला कुणी थांबलं नाही. पहिल्या चार-पाच जणांना मोनिकावहिनी हात धरून पंगतीकडे ओढत होती, मग तिने सोडून दिलं. हिराजीने पापलेटांची पाटी पाठवली, स्वतः आला नाही. पास्कल वाचत राहिला. सात इंजिनवाले आले, सातही गेले. त्याचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता, थरथरला नाही, त्यामुळेच मला तो ऐकवेना. पंगतीत नवऱ्याकडची माणसं, मी, माझी बायको, आणि एकटी सेलिनमावशी. तिने दोनदा मटण मागून घेतलं आणि जाणाऱ्यांकडे रागाने बघत जेवली. मी तिला विचारलं, मावशी, तू कशी थांबलीस? ती म्हणाली, "मी भांडले ना त्याच्याशी तोंडावर. मग जेवायला काय हरकत?"

त्या दिवशी मांडवात उभं राहून मी म्हणायला हवं होतं की ती युक्ती माझी. बोलायला तोंड होतं, ऐकायला सगळं गाव होतं. मी फुगे खात बसलो. नंतर स्वतःला समजावलं की माझ्यासारख्या परक्याच्या सांगण्याने त्यांना फरक पडला नसता. आठ वर्षं मी स्वतःला हे समजावतो आहे, आणि आता, पास्कलच नसताना, गाव माझ्या शब्दाला का किंमत देईल?

पास्कल त्यानंतर कुणाचं काही घेईनासा झाला. गावात कुणाच्या बारशाला, लग्नाला गेला तर आहेर ठेवून मागच्या मागे यायचा. कारखान्यात कुणी बढतीचे पेढे वाटले तर कागदात बांधून ठेवायचा आणि झाडलोट करणाऱ्या बाईला द्यायचा. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणायचा. याला एकच अपवाद होता, माझा डबा. रोज एक वाजता तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी यायचा, न विचारता माझ्या डब्यातली पोळी मोडायचा आणि बायकोच्या हातच्या कुळथाच्या पिठीला नावं ठेवत ती संपवायचा. सगळ्या जगाचं अन्न सोडलेला माणूस माझ्या डब्यात हात घालतो याचा मला अभिमान होता. मी घरी सांगायचो. बायको मग दोन पोळ्या जास्त घालायला लागली. मला वाटायचं, त्याने मला माफ केलंय. कधी वाटायचं, माफ करण्यासारखं काही झालंच नाही असं तो समजतोय. आमच्यात त्या सभेबद्दल पुन्हा शब्द झाला नाही. ते आमच्या मैत्रीचं मोठेपण आहे, असंही मी मानत होतो... माणूस स्वतःच्या सोयीचं काय काय मानतो.

त्याच्या मातीला गाव आलं होतं. रीत म्हणून आलं, खांदा दिला, मूठभर माती टाकली आणि पांगलं. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे मृतासाठीच्या प्रार्थनेला, मी पुन्हा गेलो तेव्हा घरात मोनिकावहिनी, फिलोमिना आणि सेलिनमावशी एवढ्याच होत्या. तिथे, त्या तिघींपुढे, मी एकदाचं सांगितलं. नावं वाचायची युक्ती माझी होती, तो नको म्हणत होता, मी त्याला हसलो होतो. फिलोमिना उठून आत गेली. सेलिनमावशीने मला नेहमीसारखं झोडपलं असतं तर सोपं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मागच्या बाकावर बसला होतास ना तू?" मी हो म्हटलं.

मोनिकावहिनीला धक्का बसला नव्हता. ती म्हणाली, मला माहीत होतं, सभेच्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं. मी चाचरत म्हटलं, वहिनी, पण त्याने माझ्यावर राग धरला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या डब्यातलं खात होता. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्यांना तुमचं अन्न उतरायचं नाय, भाऊजी," ती म्हणाली. "घरी येऊन कितीदा ओकायचे. मी म्हणायची, मग खाता कशाला? तर म्हणायचे, नाय खाल्लं तर वसंताला कळेल."

हे ऐकून मी तिथून कसा निघालो, तरीत कसा बसलो, मला आठवत नाही. आता रोज एक वाजतो. समोरच्या टेबलाशी नवा मुलगा बसतो, तो बाहेर जेवायला जातो. बायकोला मी अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे डब्यात दोन पोळ्या जास्त असतात. मी डबा उघडतो. त्या दोन पोळ्याही मी खातो, सगळ्या, बसून. त्या उतरत नाहीत.